तांडेल : एका आडनावाची सफर



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आडनावासारखा विषय घेऊन उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. येथे तत्त्वज्ञानावर बोलणे होते, इतिहासावर होते, देशाच्या आर्थिक प्रश्नांवर होते. त्या मानाने आडनाव ही अगदी घरगुती चीज. ती आपण रोज वापरतो आणि तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. 'आपले आडनाव काय?' असे आपण नव्या माणसाला विचारतो खरे. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरेच प्रश्न दडलेले असतात. जात कोणती, गाव कोणते, आपल्यापैकी की परके, सोयरीक जमण्यासारखी आहे की नाही? एका शब्दावरून हे सारे कळते अशी आपली पक्की समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हे एकच आडनाव हातात घेऊन आपण तपासून पाहू, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

त्यासाठी लांब जावे लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर तारापूर, घिवली, नवापूर, मुरबे, सातपाटी अशी वस्त्यांची माळ आहे. या माळेतली आडनावे नुसती मोठ्याने वाचली तरी समुद्राचा खारा वास येतो. पागधरे या आडनावात 'पाग', म्हणजे हाताने फेकायचे जाळे, उघड दिसते. मेहेर आणि म्हात्रे ही गावच्या प्रमुखाची, मानकऱ्याची नावे. म्हात्रे हा शब्द 'महत्तर' या जुन्या पदापासून आला. याच माळेत एक आडनाव आहे, तांडेल. आजचा विषय तो.

तांडेल म्हणजे काय, हे येथे कोणाला सांगायला नको. होडी हाकणारा, होडीवरच्या माणसांचा प्रमुख. होडीचा मालक निराळा असू शकतो, तो बंदरात बसून राहील. पण होडी कोणत्या वेळी लोटायची, जाळे कोठे टाकायचे, वारा फिरला तर परतायचे की तग धरायचा, हे तांडेल ठरवतो. उधाणाचे आणि भांगाचे पाणी त्याला तिथीवरून कळले पाहिजे. रात्री चांदण्यांवरून दिशा कळली पाहिजे. पाण्याच्या रंगावरून आणि तळाला लागलेल्या चिखलावरून आपण कोठे आहोत हे कळले पाहिजे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, बरोबर गेलेले खलाशी जिवंत परत आणण्याची जबाबदारी त्याच्या शिरावर असते. म्हणजे हा शब्द मुळात आडनाव नव्हे. तो हुद्दा आहे, आणि तोही कमवावा लागणारा.

शब्दाची व्युत्पत्ती पाहू गेले तर मोठी मौज आहे. इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीत शिरलेल्या शब्दांचा एक जाडजूड कोश कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी रचला. १८८६ मध्ये तो 'हॉब्सन-जॉब्सन' या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात आपला तांडेल 'टिंडल' असा वेष घालून बसला आहे. मल्याळममध्ये तो 'तंडल' आहे, तेलुगूत 'तंडेलु' आहे, मराठीत 'तांडेल' आहे. पण तो आला कोठून? एक मत असे, की माणसांची रांग किंवा जथा या अर्थाचा जो 'तांडा' शब्द, त्याच्याशी त्याचे नाते आहे. वंजाऱ्यांचा तांडा आपल्याला ठाऊक आहे. तांड्याचा जो म्होरक्या तो तांडेल. दुसरे मत दक्षिणेकडचे. तेथे 'तंडु' म्हणजे वल्हे आणि 'वलि' म्हणजे ओढणे. वल्हे ओढणारा तो तंडल. पहिले मत मानले तर हा शब्द जमिनीवरून पाण्यात उतरला. दुसरे मानले तर तो पाण्यातच जन्मला आणि मलबारच्या किनाऱ्याने वर आपल्याकडे आला. पंडितांचा निवाडा काही लागो, एक गोष्ट दोन्हींत समान आहे. शब्द कामाचा आहे, कुळाचा नाही.

या शब्दाचे शेजारीही पाहण्यासारखे आहेत. 'नाखवा' हा फारसी नाखुदाचा अवतार. नावेचा धनी असा त्याचा अर्थ. 'सारंग' हा फारसी सरहंगपासून आला; तो सैन्यातला नायक. शिवकाली दर्यासारंग हा आरमारातला मोठा हुद्दा होता. पुढे मराठी आरमाराच्या जहाजांवर लढणारी माणसे वेगळी आणि जहाज हाकणारी वेगळी असत. जहाज हाकणाऱ्यांत तांडेल असे आणि त्याच्यावर सरतांडेल असे. म्हणजे तांडेल हा नुसता मासे पकडणाऱ्या होडीपुरता शब्द नव्हता. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते ज्यांच्या हाताने चालली, त्या माणसांचा तो हुद्दा होता. नाखवा, सारंग आणि तांडेल, या तिन्ही हुद्द्यांची पुढे आडनावे झाली, हे आपण जाणताच.

ती झाली कशी? आपल्याकडे आजच्या अर्थाने पक्के आडनाव ही फार जुनी वस्तू नाही. माणूस स्वतःचे नाव सांगे, बापाचे सांगे, आणि गरज पडली तर गाव, वतन किंवा धंदा सांगे. सख्ख्या भावांच्या वंशात निराळी आडनावे चालली अशी उदाहरणे पुष्कळ घराण्यांत सापडतील. पुढे इंग्रजी अमलात जमिनीची खाती, शिरगणती, शाळेचे हजेरीपट आले आणि कारकुनाला तिसरा रकाना भरणे भाग पडले. त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष तांडेल असेल, तर रकान्यात तांडेल लिहिले गेले. मग मुलगा होडीवर गेला नाही तरी तांडेल, आणि नातू कचेरीत लागला तरी तांडेल. जे कमवावे लागत होते ते आता जन्माबरोबर फुकट मिळू लागले. दौतीत बोरू बुडवला आणि हुद्दा वाळून आडनाव झाला, असे म्हणायला हरकत नाही.

आता थोडे विलायतेकडे वळू. कारण या शब्दाचा एक तोतया जुळा भाऊ तेथे राहतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने काम करीत. त्यांना लस्कर म्हणत. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांहून अधिक लस्कर होते. त्यांचा वरिष्ठ तो सारंग आणि त्याच्या हाताखालचा तो तांडेल. इंग्रज अधिकाऱ्याने हा शब्द कानाने ऐकला आणि 'टिंडल' असा लिहिला. असाच का लिहिला? कदाचित त्याच्या ओळखीचे तसे एक आडनाव त्याच्या देशात आधीपासून होते म्हणून. टिंडल, टिंडेल, टिंडॉल अशा पाच-सहा तऱ्हांनी ते लिहितात. एकाच जहाजावर टिंडल नावाचा गोरा अधिकारी आणि टिंडल हुद्द्याचा काळा खलाशी असणे अगदी शक्य होते, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसे!

इंग्रजी टिंडल हे कामाचे आडनाव नव्हे. ते ठिकाणाचे आहे. इंग्लंडच्या उत्तर टोकाला नॉर्थम्बरलंड परगण्यात टाइन नावाची नदी आहे. 'डेल' म्हणजे खोरे. टाइनच्या खोऱ्यातला तो टिंडेल. आपल्या पद्धतीने सांगायचे तर 'टाइनखोरेकर'. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. तारापुरात राहणाऱ्या माणसाला तारापुरात कोणी तारापूरकर म्हणत नाही. तो मुंबईला गेला, पुण्याला गेला, म्हणजे मग तारापूरकर होतो. गावाचे आडनाव हे गाव सोडल्याची पावती असते. टाइनच्या खोऱ्यातून जो बाहेर पडला त्यालाच टिंडेल हे नाव चिकटले. म्हणूनच या नावाचा सर्वांत प्रसिद्ध माणूस नॉर्थम्बरलंडचा नाही. बायबलचे मूळ भाषांवरून इंग्रजीत भाषांतर करणारा आणि त्यापायी १५३६ मध्ये प्राणास मुकलेला विल्यम टिंडेल हा नैर्ऋत्येकडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातला. गंमत म्हणजे त्याच्या घराण्याला हिचिन्स असे दुसरेही आडनाव होते. आडनाव पक्के नसण्याचा प्रकार आपल्याकडेच होता असे नव्हे!

त्याच ग्लॉस्टरशरमधून सतराव्या शतकात या नावाची काही माणसे आयर्लंडला जाऊन वसली. त्यांच्या वंशात कार्लो परगण्यात १८२० मध्ये जॉन टिंडॉल जन्मला. त्याचा बाप साधा पोलीस शिपाई. हा मुलगा मोजणी खात्यात नोकरी करता करता शिकला आणि मोठा शास्त्रज्ञ झाला. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू उष्णता शोषून धरतात, हे त्याने १८५९ पासून केलेल्या प्रयोगांनी सिद्ध केले. आज समुद्र तापत चालल्याची चर्चा आपण ऐकतो, तिच्या मुळाशी हे प्रयोग आहेत. दुसरी गोष्ट आपल्या विषयाला आणखी जवळची आहे. इंग्लंडचे दीपस्तंभ सांभाळणाऱ्या संस्थेचा तो शास्त्रीय सल्लागार होता, आणि दाट धुक्यात जहाजांना इशारा देणारे भोंगे किती दूर ऐकू जातात, याचे त्याने समुद्रकाठी प्रयोग केले. नावाने टिंडॉल, रक्ताने आपल्या तांडेलांशी कोणतेही नाते नाही. पण काम मात्र दर्यावरची माणसे सुखरूप घरी आणण्याचे!

दोन आडनावे उच्चाराने जुळली म्हणून त्यांचे कूळ एक होत नाही, हा झाला पहिला धडा. दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. आडनाव अगदी तेच असले, अर्थही तोच असला, तरीसुद्धा कूळ एक असेलच असे नाही.

इंग्रजी टिंडेलचा उगम निदान एका खोऱ्यात शोधता येतो. तांडेलचा उगम कोठे शोधाल? जेथे जेथे होडी होती तेथे तेथे तांडेल होता. उरण-करंजाच्या होडीचा तांडेल वेगळा, वरळीचा वेगळा, सातपाटीचा वेगळा, दमणचा वेगळा. प्रत्येक खाडीच्या मुखाशी हे आडनाव स्वतंत्रपणे जन्मले. इंग्लंडात गावोगावी लोहार होते म्हणून गावोगावी स्मिथ झाले, तसाच हा प्रकार. दोन स्मिथ भेटले तर ते एकमेकांना भाऊबंद समजत नाहीत. आपण मात्र दोन तांडेल भेटले की लगेच त्यांची गाठ मारायला निघतो.

या आडनावाचा नकाशा काढा म्हणजे हे डोळ्यांनी दिसेल. तो नकाशा सुती दोऱ्यासारखा लांब आणि बारीक आहे. दक्षिणेला कारवार, मग मालवणची बाजू, मग रायगडचा किनारा, मुंबईचे कोळीवाडे, आपला पालघर जिल्हा, त्याच्यापुढे दमण, वलसाड, नवसारी. घाट चढला की हे आडनाव विरळ होत जाते. त्यात सोनकोळी आहेत, मांगेले आहेत, गाबीत आहेत, गुजरातेकडचे माछी आहेत. घरात कोणी मराठी बोलतो, कोणी कोकणी, कोणी गुजराती. देव वेगळे, लग्नाच्या चाली वेगळ्या. 'तांडेल म्हणजे अमुक जात' असे जो ठामपणे सांगेल, त्याने आपल्या गावापलीकडचे बंदर पाहिलेले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

या दोऱ्यावर राजकारण्यांनी वेळोवेळी कात्री चालवली. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती आणि त्यांचा अंमल तारापूर, डहाणूपर्यंत पसरला होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला पडला, पाठोपाठ वसई पडली, आणि हा किनारा मराठ्यांकडे आला. दमण मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले, ते थेट डिसेंबर १९६१ पर्यंत. त्याच्या आदल्या वर्षी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली आणि तोवर ठाणे जिल्ह्यात असलेले उंबरगाव पलीकडे गेले. असे तुकडे पडले, पण आडनाव एका सरळ रेषेत तसेच उभे राहिले. वाऱ्याला आणि माशाला सरहद्द कळत नाही, तशी ती या आडनावालाही कळली नाही. देवजी तांडेल आणि गोपाळ तांडेल हे दोघे दमण आणि दीव मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. तेथील लोकांना ते गुजरातीच. दमणची पुष्कळ कुटुंबे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या हक्काने ब्रिटनमध्ये जाऊन राहिली आहेत. म्हणजे टिंडलच्या देशात आता खरा तांडेलही पोचला!

सरहद्दीने एक गोष्ट मात्र केली. तिने स्पेलिंग नव्हे, अक्षरे बदलली. आपण 'तांडेल' लिहितो, आरंभी 'ता'. गुजरातीत ते 'टंडेल' होते, आरंभी 'टं'. रोमन लिपीत दोन्ही अगदी सारखी दिसतात. आधार कार्डावर, पासपोर्टावर, मतदारयादीत रोमन लिपीवरून पुन्हा देवनागरी करताना आपला तांडेल टंडेल होतो, नाहीतर तंदेल होतो. शाळेच्या दाखल्यावर एक आणि कार्डावर दुसरे असले, की सरकारी कचेरीच्या खिडकीवर हेलपाटे सुरू होतात. कोकणच्या माणसाला हा अनुभव नवा नाही. म्हणून माझी विनंती आहे, की कागदावर आपले आडनाव कसे लिहिले आहे ते एकदा डोळ्यांखालून घाला.

आता तुम्ही विचाराल, आडनाव राहिले. मग तो हुद्दा मेला काय? नाही, बंधूंनो, तो जिवंत आहे. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने शिडाच्या जहाजाचा जो प्रमुख त्याला 'टिंडल' अशीच संज्ञा दिली होती. गुजरातेतल्या वेरावळ, पोरबंदर, ओखा या बंदरांत होडीच्या प्रमुखाला आजही टंडेलच म्हणतात. तेथल्या होड्यांवर काम करायला आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुळमचे कोळी जातात. आपल्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुणही जातात. मासळीमागे जाता जाता समुद्रातली न दिसणारी रेषा ओलांडली जाते आणि पाकिस्तानी पहारा त्यांना धरून नेतो. श्रीकाकुळमचे असे कोळी २०१८ मध्ये पकडले गेले आणि जानेवारी २०२० मध्ये सुटून आले. त्या घटनेवरून एक तेलुगू चित्रपट निघाला आणि तो फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे नाव काय असावे? 'तंडेल'. जो शब्द मलबारहून किनाऱ्याने वर आला असे काही पंडित म्हणतात, तो आता पूर्व किनाऱ्यावरच्या चित्रपटगृहांच्या पाट्यांवर झळकला.

यातला मर्म पाहा. वेरावळच्या होडीवर तांडेल कोण होतो? ज्याला समुद्र कळतो तो. त्याचे आडनाव काही असो, जात काही असो. आणि ज्यांचे आडनाव तांडेल, त्यांतले पुष्कळ आज डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बोईसरच्या कारखान्यांत आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला आहेत. एका बाजूला हुद्दा आहे आणि आडनाव नाही. दुसऱ्या बाजूला आडनाव आहे आणि हुद्दा नाही. यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. धंदा निवडण्याची मोकळीक मिळाली याचा आनंदच मानला पाहिजे. पण स्वतःच्या खुशीने होडी सोडणे वेगळे आणि होडी लावायला किनाराच न उरल्याने ती सोडावी लागणे वेगळे.

या दुसऱ्या गोष्टीचा विचार आपल्या भागात टाळता येत नाही. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी शेजारची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. घिवली शेजारीच आहे. तेथल्या लोकांनी ते उठणे जवळून पाहिले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवणच्या बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, याचा वाद घालायला मी येथे उभा नाही. त्याची जागा वेगळी आणि ती सभाही वेगळी. मला एवढेच म्हणायचे आहे, की समुद्राचा कोणता भाग कोणाच्या उपयोगाचा, हे ठरवताना ज्याला त्या पाण्याचा तळ पाठ आहे त्याला बोलवायला हवे. सतराव्या-अठराव्या शतकात आरमार उभारणाऱ्यांना हे कळत होते. त्यांनी या माणसांना हुद्दे दिले. कागदावरचे नकाशे मोठे झाले म्हणून ते शहाणपण जुने होत नाही.

गाव उठले की त्या गावचे 'कर' आडनाव तेवढे मागे उरते, आणि ते ऐकून गाव कोठे होते असे नातवंडे विचारतात. धंदा उठला की त्या धंद्याच्या आडनावाचेही तसेच होते. तांडेल म्हणजे काय हे मुलांना शब्दकोशात शोधावे लागेल, असा दिवस या किनाऱ्यावर येऊ नये. त्यासाठी एक साधे काम आपण सर्वजण करू शकतो. घराघरात अजून म्हातारी माणसे आहेत. पाणी कसे वाचायचे, कोणत्या खुणेवर जाळे टाकायचे, कोणत्या वाऱ्याला काय म्हणायचे, हे त्यांना ठाऊक आहे. ते त्यांना विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. आडनावाची वंशावळ शोधण्यापेक्षा त्या आडनावामागची विद्या जपून ठेवणे हे मला मोठे काम वाटते.

आणि दुसरे, पुढच्या वेळी कोणाला 'आपले आडनाव काय?' असे विचाराल, तेव्हा त्याच्या उत्तरावरून त्याची जात जोखू नका. एकाच शब्दात किती जाती, किती भाषा, किती राज्ये मावतात ते आपण आत्ता पाहिले. विचारायचेच असेल तर एवढे विचारा, की या नावाचे काम तुमच्या घरात कोणी केले होते आणि ते कसे करीत. तांडेल हा मुळात जन्माचा शब्द नव्हता. आपल्याबरोबर होडीत बसलेल्या माणसांना सुखरूप किनाऱ्याला लावणाऱ्याचा तो शब्द होता. तो मान ज्याने कमावला, तो कोणत्याही आडनावाचा असो, तांडेलच होय.